7.62 म्हणजे नेमकी कोणती? रायफलींच्या तुलनेवर लघुप्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

सैन्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या पुष्कळांना लघुप्रबंधासाठी ‘असॉल्ट रायफल की बॅटल रायफल’ हा विषय घ्यावासा वाटतो, कारण तो सोपा दिसतो. मलाही तो सोपाच दिसला होता. मी देवळी तालुक्यातल्या एका खेड्यातला. पुलगावचे दारूगोळा भांडार आमच्या गावापासून एसटीने अर्ध्या तासावर, आणि निव्वळ त्या शेजाराच्या भरवशावर शस्त्रांतले आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळते, असा समज मी बारावीपासून बाळगून होतो. तोंडी परीक्षेत तो पाच मिनिटांत उतरला आणि लघुप्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. तो का परत आला, हे मी येथे जरा पाल्हाळानेच सांगणार आहे. कारण त्यानंतर मागच्या तुकड्यांतल्या तिघांचे प्रबंध मी वाचून पाहिले आणि तिघांचाही पाय त्याच खड्ड्यात पडलेला आढळला.

व्याख्या तुम्हाला ठाऊक असतील, म्हणून त्या लवकर उरकतो. मध्यम ताकदीचे काडतूस, एकेक किंवा सलग अशा दोन्ही प्रकारे गोळीबार करण्याची सोय आणि काढता-घालता येणारे मॅगझिन असलेली ती असॉल्ट रायफल. हे नाव जर्मनांच्या 1944 च्या रायफलीपासून रूढ झाले आणि त्याच वाटेने पुढे एके-47 आली. पूर्ण ताकदीच्या काडतुसावर चालणारी ती बॅटल रायफल. नाटोने 1954 मध्ये 7.62×51 मिमी हे काडतूस प्रमाण मानल्यानंतर आलेल्या फाल, जी-3 आणि एम-14 या तिच्या ठळक बहिणी, आणि आपल्या ईशापूर कारखान्याची 1ए1 एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) ही फालचीच एक आवृत्ती. मात्र ‘बॅटल रायफल’ हे नाव मागाहून, फरक दाखवण्यासाठी पडलेले आहे, आणि वर्तमानपत्रे पूर्ण ताकदीच्या काडतुसावर चालणाऱ्या सिग 716 लाही सर्रास असॉल्ट रायफल म्हणतात. त्यामुळे बातमीतल्या नावावरून वर्गवारी करू नका.

आता खड्ड्याविषयी. माझ्या प्रबंधात आपल्या लष्कराच्या दोन नव्या रायफलींविषयी एक वाक्य होते: ‘एके-203 आणि सिग 716 या दोन्ही 7.62 मिमीच्या असल्याने दोहोंची मारकशक्ती समान आहे.’ बाहेरून आलेले परीक्षक निवृत्त कर्नल होते. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचले, पिशवीतून दोन ड्रिल राउंड (सरावाची, बिनदारूची काडतुसे) काढून टेबलावर उभे केले आणि शांतपणे विचारले, “दोन्ही 7.62 च ना? मग हे एकाच चेंबरमध्ये बसतील का?” एक राउंड बुटका होता आणि त्याचे केस, म्हणजे दारू भरायचे धातूचे नळकांडे, बुडापासून तोंडाकडे चांगलेच निमुळते होत गेलेले, दुसरा त्याच्याहून बोटाच्या पेरभर उंच आणि अंगाने जवळजवळ सरळ. मी काहीच बोलू शकलो नाही.

7.62 हा आकडा ढोबळमानाने नळीचा व्यास सांगतो. काडतुसात दारू किती मावते याचा अंदाज गुणाकाराच्या चिन्हापुढच्या आकड्यावरून, म्हणजे केसच्या लांबीवरून येतो. एके-203 चे काडतूस 7.62×39 आणि एसएलआर किंवा सिग 716 चे 7.62×51, म्हणजे केसमध्येच 12 मिमीचा फरक. संपूर्ण राउंडची लांबी पाहिली तर पहिला सुमारे 56 मिमी आणि दुसरा सुमारे 71 मिमी भरतो. गंमत अशी की इन्सास या आपल्या लष्करातल्या रायफलीचा 5.56×45 हा राउंड सुमारे 57 मिमीचा, म्हणजे लांबीने एकेच्या राउंडला जवळजवळ खेटून आहे. व्याससुद्धा तंतोतंत एक नसतो: एकेची गोळी साधारण 7.9 मिमी जाडीची, तर नाटोची 7.8 मिमीची.

एवढे समजल्यावर हिशेब स्वतः करा, कोणाचा उतरवून घेऊ नका. नाटोच्या 7.62 ची गोळी सुमारे 9.5 ग्रॅमची आणि तिचा सुरुवातीचा वेग सेकंदाला 840 मीटरच्या आसपास. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणले की ऊर्जा सुमारे 3,350 जूल येते. एकेची गोळी सुमारे 8 ग्रॅमची, वेग 715 मीटर, ऊर्जा सुमारे 2,050 जूल. 5.56 ची गोळी 4 ग्रॅमची, वेग 920 मीटर, ऊर्जा सुमारे 1,700 जूल. म्हणजे ऊर्जेच्या बाबतीत एके-203 ज्या रायफलीशी आकड्याने जुळते तिच्यापासून ती दूर आहे, आणि ज्या इन्सासची जागा ती घेत आहे तिच्या कितीतरी जवळ आहे. एकेचे मॅगझिन कोयत्यासारखे वाकडे का असते आणि एसएलआरचे जवळजवळ सरळ का, याचे उत्तरही त्या निमुळत्या केसमध्येच आहे. निमुळते राउंड एकावर एक रचले की त्यांची रांग आपोआप वळते. परीक्षकांनी हे मला त्याच दिवशी समजावून सांगितले, पण तोवर माझे कान बधिर झाले होते.

यात घाबरण्यासारखे काही नाही. नववी-दहावीचे विज्ञान ज्याने नीट केले आहे त्याला हा हिशेब जमतो, आणि मराठी माध्यमातून शिकल्याने येथे काडीचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या एकपानी तुलना-तक्त्याने. मी जेथे फी भरली होती तेथील सरांनी तोच तक्ता आम्हाला पाठ करायला लावला होता, आणि त्यात ‘कॅलिबर’ या रकान्यात एके-203, एसएलआर आणि सिग 716 या तिन्हींपुढे नुसते 7.62 छापलेले होते. असा तक्ता हाती पडला तर चुलीत घाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला खरा गुरू घरामागे भेटला. आमच्या आळीतले हवालदार काका सेवेत आधी एसएलआर आणि नंतर इन्सास वागवून आले होते. मी त्यांच्यापुढे राउंडच्या वजनाचे आकडे मांडले, 7.62×51 सुमारे 24 ग्रॅम आणि 5.56 सुमारे 12 ग्रॅम, तेव्हा ते म्हणाले, “वजन कागदावर काहून मोजून रायला बे, खांद्यावर घेऊन पाय!” मग त्यांनी 120 राउंडांच्या हिशेबाने एका पिशवीत पावणेतीन किलोच्या वर तूर भरली, दुसऱ्या पिशवीत दीड किलोला थोडी कमी, आणि एकेक पिशवी घेऊन मला नाल्यापलीकडच्या वावरापर्यंत दोन खेपा करायला लावल्या. जाताना मला काहीही जाणवले नाही. जड पिशवीची दुसरी खेप परत आणताना मात्र तिचा बंद गळ्याशी रुतत होता, आणि पाणी, शिधा, रायफल हे अजून त्यात धरलेलेच नव्हते. प्रबंधातले माझे वजनावरचे प्रकरण त्या संध्याकाळी लिहून झाले.

लहान काडतूस जगाने का स्वीकारले याचे मूळ याच वजनात आणि गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या झटक्यात आहे. अमेरिकेत 1952 साली झालेल्या एका अभ्यासात पायदळातील रायफलींचा बहुतेक परिणामकारक वापर 300 यार्डांच्या आतच होतो, असे दिसून आले. पूर्ण ताकदीच्या काडतुसाने सलग गोळीबार केला की नळी वर उचलली जाते, म्हणून ब्रिटनची आणि आपली एसएलआर एकेक गोळी झाडणारीच ठेवली गेली, आणि व्हिएतनामच्या काळात अमेरिकनांनी एम-14 बाजूला ठेवून 5.56 ची एम-16 हाती घेतली. ‘5.56 शत्रूला मुद्दाम जखमीच करते, म्हणजे त्याला उचलायला आणखी दोघे गुंततात’ ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक जण सांगेल. ती मुख्य कारण म्हणून लिहू नका. वजन, झटका आणि अंतर ही तीन कारणे पुरेशी आणि भक्कम आहेत.

इन्सासविषयी लिहिताना आणखी एक सावधगिरी बाळगा. कारगिलच्या थंडीत तिची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या. तो प्लास्टिकचा आणि बनावटीचा दोष होता, 5.56 या काडतुसाचा नव्हे. रायफलीचे दोष आणि काडतुसाचे दोष वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडले नाहीत, तर तुमचा युक्तिवाद कोठेही टिकणार नाही.

शेवटी निवड भूमीवर येऊन ठरते. गडचिरोलीच्या बांबूच्या रानात पावसाळ्यात शंभर मीटरवरचा माणूसही दिसत नाही. तेथे हलकी, भरपूर राउंड नेऊ देणारी रायफल शहाणपणाची. डोंगराच्या एका सोंडेवरून दुसरीवर नेम धरायचा असेल तर 51 मिमीच्या केसची किंमत कळते. आपल्या लष्कराने दोन्ही घेतल्या: 2019 मध्ये 72,400 सिग 716 चा करार झाला आणि 2024 मध्ये आणखी 73,000 चा, तर अमेठीजवळच्या कोरवा येथे बनणाऱ्या सहा लाखांहून अधिक एके-203 चा करार डिसेंबर 2021 मधला, जिचा परिणामकारक पल्ला 300 मीटर सांगितला जातो. ‘दोहोंपैकी श्रेष्ठ कोणती’ असे शीर्षक दिलेले प्रकरण मी दुरुस्तीत पूर्णपणे काढून टाकले.

दुसऱ्या तोंडी परीक्षेला मी आलेखाच्या कागदावर चारही राउंड खऱ्या मापात काढून नेले होते. चौथा अमेरिकन लष्कराने 2022 मध्ये निवडलेल्या रायफलीचा, 6.8×51. तुम्हीही काढा, तासाभराचे काम आहे. कर्नलसाहेबांनी विचारले, “केस 51 चीच, मग ही जुनीच बॅटल रायफल परत आली का?” मी म्हणालो की बरीचशी तीच, फक्त हिच्यात दाब पुष्कळ जास्त ठेवला आहे, कारण समोरच्याच्या अंगावर आता चिलखत असते, आणि भुर्दंडही जुनाच आहे, कारण 5.56 च्या एम-4 वाला सैनिक 30 च्या सात मॅगझिनमध्ये 210 राउंड नेतो, तर ही रायफल घेतलेल्याकडे 20 च्या सात मॅगझिनमध्ये 140 च राहतात. त्यांनी कागद उचलला, 71 मिमीच्या रेघेवर खिशातली पट्टी ठेवून पाहिली आणि पुढचा प्रश्न विचारला.