पावसाच्या आत: कौलं, तंबू आणि कुत्रं एकाच सुट्टीत कसं जमवावं

बेळगावकडच्या सीमाभागातल्या घरांत उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे विश्रांती कमी आणि धांदल जास्त. कौलं परतायची असतात, जळण भरायचं असतं, पोरांनी शेतात तंबू ठोकायचा हट्ट धरलेला असतो आणि दारातलं कुत्रं उन्हानं धापा टाकत असतं. हे सगळे वेगवेगळे उद्योग समजून सुरू केले की एकही धड होत नाही. माझं सांगणं एवढंच आहे की सगळ्याचा हिशेब पावसापासून मागे लावा. मग कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हा वाद घरात उरत नाही.

आधी कॅलेंडर मांडा

कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुटतात आणि मे संपता संपता भरतात. महाराष्ट्रातली पोरं मात्र मेच्या सुरुवातीला मोकळी होतात आणि जूनच्या मध्यापर्यंत घरी असतात. आपल्याकडं निम्मे नातेवाईक कोल्हापूर, सांगली, पुण्याकडं. म्हणजे सगळी भावंडं एकत्र सापडण्याचे दिवस फक्त मे महिन्यातले. मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, पण वळीव एप्रिलपासूनच दुपार कलली की गडगडायला लागतो.

यातून क्रम आपोआप निघतो. एप्रिलमध्ये छप्पर आणि कुत्र्या-मांजरांच्या लसी. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, भावंडं आली की, तंबू. मेच्या शेवटी जळण, शेणी आणि पन्हळी. खानापूर तालुक्यात हा क्रम मोडायची सोय नाही. कणकुंबीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अथणीकडं तो हजाराच्याही बराच आत. अथणी-गोकाककडच्या घरांना आठवडाभर इकडं तिकडं चालतं, कणकुंबी-जांबोटीकडच्यांना नाही.

कौलं परतताना

मंगळुरी कौलांचं घर असेल तर दरवर्षी निदान एकदा छप्पर हाताखालून घालावंच लागतं. सकाळी ७ ते १० हीच वेळ धरा. त्यानंतर कौलं इतकी तापतात की हात टेकवत नाही, आणि चक्कर येऊन माणूस पडतो तो याच वेळेला.

वर चढणारी माणसं दोनच, आणि दोघंही जाणती. शिडी खालून एकानं धरायची. पाय कौलाच्या मधोमध न देता खाली वासा कुठं आहे तो अंदाज घेऊन त्याच्या रेषेत द्यायचा. एक एक रांग उतरवत आढ्याकडून खाली या. उतरवलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेरानं वाजवून बघा. धड कौल खणखणीत वाजतं. तडा गेलेलं बद्द आवाज देतं, मग तडा डोळ्याला दिसो न दिसो. बद्द वाजलेलं कौल वर चढवायचं नाही, ते कोंबड्यांच्या खुराड्यावर किंवा कुंड्यांखाली वापरा.

कौलं उतरली की रिपा आणि वासे उघडे पडतात. तिथं मातीच्या बारीक रेघा दिसल्या तर वाळवी आहे. वाशाला काठीनं ठोका. पोकळ वाजला तर तो यंदाच बदला. ऐन पावसात वासा मोडला तर सुतार मिळत नाही, आणि मिळाला तरी छप्पर उघडता येत नाही.

पोरांना यात पुरेपूर काम आहे, फक्त खाली. शेवाळ धरलेली कौलं ताराच्या ब्रशनं घासणं, पुसणं, रांगेत उभी करणं. पण अंगणात जुनी कौलं रचून ठेवलेली असतील तर तो ढीग मोठ्यांनीच उकलायचा. त्यात विंचू हमखास असतो. कौल उचलताना आपल्याकडची कड नको, पलीकडची कड उचलून कौल आपल्याकडं कलतं करा, म्हणजे खाली काही असलं तर मध्ये कौलाची आड राहते. जाड हातमोजे आणि बूट हवेतच. आपल्या भागात आणि खाली कोकणात लाल विंचू सापडतो आणि लहान मुलांच्या जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधानं त्याच्या दंशावर उपचार रूढ केले, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा मंत्र, पाला, बिब्बा यात अर्धा तास घालवू नका. पोराला घाम सुटला, ओकाऱ्या झाल्या, हातपाय गार पडले तर थेट दवाखाना गाठा.

माळ्यावर मांजर व्यालेलं असण्याचेही हेच दिवस. कौलं उघडण्याच्या आदल्या दिवशी माळा बघून घ्या. पिल्लं असतील तर त्यांना हात लावायच्या आधी त्याच घरात, पण दुसऱ्या काळोख्या कोपऱ्यात, खोकं आणि जुनं पातळ ठेवा. मांजर बहुधा स्वतःच पिल्लं हलवतं. कुत्र्याला मात्र काम चालू असेपर्यंत परसात सावलीला बांधा. खाली पडलेले खिळे आणि कौलांचे तुकडे त्याच्या पंजात घुसतात.

स्लॅबचं घर असेल तर काम थोडं. टेरेसवर चार बादल्या पाणी ओता, कुठं साचतं त्याला खडूनं खूण करा, पाणी जायच्या नळाची जाळी साफ करा, आणि भेगा वळवाच्या आधी भरून घ्या. ओल्या भेगेत काही धरत नाही. वर चुन्याचा पांढरा हात दिला तर खालची खोली चांगलीच निवते.

तंबू कुठं ठोकावा

जंगलात नको, हे आधी सांगतो. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथं मनाला येईल तिथं मुक्काम करता येत नाही आणि पाळीव कुत्रं तर नेताच येत नाही. वनखात्यानं ठरवून दिलेल्या जागी, रीतसर परवानगी घेऊनच जायचं. नाक्यावरचे गार्ड कन्नड बोलतात म्हणून बिचकू नका. मोडक्या कन्नडमध्ये नीट विचारलं तर सांगतात. धरणाचा काठही मुलांसाठी मला पसंत नाही. हिडकल असो वा राकसकोप, वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली चिखल आणि खड्डे असतात, आणि राकसकोपचं पाणी बेळगाव शहर पितं.

पहिल्या मुक्कामाला सगळ्यात चांगली जागा म्हणजे मामाचा किंवा काकाचा मळा, जिथून हाक मारली तर घरात ऐकू जाते. रात्री पोर रडलं तर घरात जाऊन झोपता येतं, विहिरीचं पाणी असतं, आणि वळीव आला तर पक्कं छप्पर जवळ असतं.

तंबू आधी अंगणात उभा करून बघा. उभा झाला की त्यावर दोन बादल्या पाणी ओता आणि आत बसून शिवणी बघा. खालचं ताडपत्रीचं अंथरूण तंबूच्या कडेबाहेर येता कामा नये; बाहेर आलं की तंबूवरून ओघळलेलं पाणी त्यावर साचून थेट अंगाखाली येतं. कडा आत दुमडून घ्या.

मातीचंही बघा, कारण आपल्या जिल्ह्यात ती दोन तऱ्हेची आहे. खानापूरकडच्या तांबड्या जांभ्या मातीत तंबूचे खुंटे शिरतच नाहीत, वाकतात. तिथं दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. गोकाक, सौंदत्ती, अथणीकडच्या काळ्या रानाला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. खुंटा आत जातो पण धरत नाही, शिवाय भेगांमधून साप-विंचू बाहेर येतात. अशा ठिकाणी नांगरटीत न जाता खळ्याची किंवा गाडीवाटेची घट्ट जागा निवडा. ओढ्याचं कोरडं पात्र सपाट आणि मऊ वाटतं म्हणून तिथं अजिबात नको. पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा इथं येतो. माळावरचं एकुलतं एक झाड आणि वाळक्या फांद्यांचा आंबा, दोन्ही टाळा.

विजेबाबत हयगय करू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप मोबाइलवर घ्या, ते जवळपासच्या विजेचा इशारा देतं. गडगडाट ऐकू आला की तंबू सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच थांबा. तंबू पाऊस अडवतो, वीज नाही. खोप किंवा झाडही नाही.

चूल पेटवायची तर उघड्या मातीवर खड्डा करून, बाजूला भरलेली घागर ठेवूनच. गवत या दिवसांत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीनं वणवा लागतो. विझवताना पाणी ओता, माती ढवळा, परत पाणी ओता, आणि राखेजवळ हाताची मागची बाजू नेऊन धग जाणवते का बघा. जेवणाचा थाट नको. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, चिरमुरे आणि ताक एवढ्यावर एक रात्र मजेत निघते. उरलेलं अन्न तंबूत ठेवू नका. जंगलाच्या कडेच्या गावांत गवे आणि अस्वलं फिरतात, आणि फणसाचा वास अस्वलाला लांबून येतो.

गोचीड

तंबू आणि कुत्रं यांना जोडणारी ही एकच गोष्ट, आणि मी तिच्यावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण तिच्याकडं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

माकडताप हा आजार १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. तो गोचिडीच्या चावण्यानं होतो. गेल्या काही वर्षांत गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडंही त्याचे रुग्ण आढळले, आणि ते डोंगर आपल्या खानापूर-चंदगडला लागूनच आहेत. हिवाळा ते मे हा त्याचा हंगाम, म्हणजे नेमके काजू-करवंदं गोळा करायला रानात शिरायचे दिवस. कुत्र्याच्या अंगावरच्या सगळ्याच गोचिडी हा ताप देत नाहीत, पण रानातली गोचीड त्याच्या केसांतून घरात येऊ शकते.

रानातून आलात की अंगणातच थांबा. कपडे वेगळे काढून गरम पाण्यात टाका, साबणानं आंघोळ करा, आणि लहान मुलांच्या कानामागं, काखेत, जांघेत, केसांच्या मुळाशी नीट बघा. गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढंही असू शकतं. कुत्र्याला घरात घेण्याआधी कानांच्या आत, मानेवरच्या पट्ट्याखाली आणि बोटांच्या बेचक्यात तपासा.

गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्यानं, कातडीला अगदी लागून पकडा आणि न पिळता, न हिसका देता सरळ वर ओढा. रॉकेल लावणं, उदबत्तीचा चटका देणं, नखानं चिरडणं, हे काहीही करू नका. काढलेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाका, जागा साबणानं धुवा. पुढच्या पंधरवड्यात अचानक ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना आपणहून सांगा की आम्ही रानात गेलो होतो. त्यांनी विचारायची वाट बघू नका. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

गोचीड मारायचं औषध जनावरांच्या डॉक्टरांना वजन सांगूनच आणा, आणि रानात जायच्या दोन-चार दिवस आधी कुत्र्याला लावा. एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. कुत्र्यासाठीच्या ज्या औषधात परमेथ्रिन असतं ते मांजराला विष आहे. ते लावलेलं कुत्रं आणि मांजर एका पोत्यावर झोपू देऊ नका.

उन्हात जनावरं

लसींचं एप्रिलमध्येच उरका. पिसाळीची तर हवीच, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची लस राहिलीय का तेही विचारा. आपल्या शेजारच्या मुधोळची कुत्री अंगानं सडपातळ आणि उन्हाला सरावलेली, पण दुपारी १२ ते ४ त्यांनाही पळवू नये. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. धाप थांबत नाही, लाळ घट्ट झालीय, हिरड्या लालभडक, चाल झोकांड्या देणारी, अशी लक्षणं दिसली तर सावलीत आणून पोटावर, जांघेत आणि पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तसंच डॉक्टरकडं न्या. बंद गाडीत त्याला पाच मिनिटंही ठेवू नका.

आंब्याच्या दिवसांत बाठे उघड्यावर टाकू नका. कुत्रं बाठा गिळतं, तो आतड्यात अडकतो आणि ऑपरेशन करावं लागतं. पाहुण्यांची पोरं प्रेमानं बेदाणे आणि चॉकलेट भरवतात, तेही बंद.

प्रत्येक पोराला एकच जनावर आणि एकच काम वाटून द्या: एकानं पाणी, एकानं गोचीड तपासणं, एकानं पोतं झटकणं. सगळ्यांनी मिळून सगळं करायचं ठरलं की दुपारी भांडं कोरडं सापडतं.

मेच्या शेवटी

शेजारच्या आक्कांनी "ढग उठलेत बघ, शेणी आत घे की गा" अशी हाक द्यायच्या आधी जळण आणि शेणी पडवीत लागलेल्या असाव्यात. भिंतीला टेकवून रचू नका, खाली विटांवर फळी टाका. पन्हळीतला पाला काढा. उरलेल्या कौलांतली धड वीस-पंचवीस बाजूला ठेवा. पावसात एखादं फुटलं तर बाजारात त्याच मापाचं मिळेल याचा भरवसा नसतो.

तंबू उन्हात दोन्ही बाजूंनी कडक वाळवा, झिपा झाडून घ्या आणि घट्ट घडी न घालता सैल गुंडाळून कोरड्या पोत्यात माळ्यावर टाका. ओलसर ठेवला तर बुरशी धरतो आणि दिवाळीपर्यंत शिवणी कुजतात. कुत्र्याची जागा पडवीच्या वाऱ्याच्या बाजूला असेल तर आताच आत सरकवा. आणि मेच्या शेवटी रानात गेला असाल तर शाळा भरल्यानंतरचे दोन आठवडे मुलांच्या तापावर नजर ठेवा.