डेअरीच्या काउंटरवर टिकेल असा स्क्रीन कसा करायचा

सकाळचे पावणेसहा. दारात किटल्यांची रांग, फरशी ओली. सचिव अण्णांचा एक हात मापावर, दुसरा मोबाईलवर आणि नजर दोन्हीकडे नाही; ती फॅट मशीनच्या लाल आकड्यांवर. वाळवा तालुक्यातल्या त्या डेअरीसाठी मी पुण्यात एसीत बसून दूध नोंदणीचं ॲप केलं होतं. रंगसंगती झकास, गोल कोपऱ्यांची बटणं, सगळं शुद्ध मराठीत. पहिल्याच सकाळी अर्ध्या तासात अण्णांनी मोबाईल उलटा ठेवला आणि वही काढली.

त्यानंतर जे हाताला लागलं ते लिहिते. रेशन दुकान असो की गिरणी, माणूस उभ्याने आणि घाईत आकडे टाकतो तिथे बहुतेक हेच लागू पडेल.

आधी काउंटरमागे उभे राहा. सकाळ आणि संध्याकाळ, दोन्ही पाळ्या. ‘तुम्हाला ॲपमध्ये काय काय हवं’ हे विचारू नका, त्यावर लोक कौतुकाने काहीही सांगतात. फक्त बघा: नजर कुठे आहे, कुठला हात मोकळा आहे, कुठला ओला आहे. माझ्या वहीत त्या दिवशीची एकच ओळ कामाची निघाली: ‘एका शेतकऱ्याला अर्धा मिनिट’. तेवढ्यात सभासद क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक). मी यासाठी तीन स्क्रीन आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘पुढे’ बटण केलं होतं. आता एकच स्क्रीन आहे.

जे ॲपला आधीच माहीत आहे ते माणसाला विचारू नका. १७ नंबरचा सभासद वर्षभर म्हशीचंच दूध घालतो, तर रोज ‘गाय की म्हैस?’ कशाला? कालचंच धरा, बदल असेल त्या दिवशी अण्णा बदलतील. सकाळ की संध्याकाळ हे घड्याळाला कळतं.

दशांश चिन्ह काढून टाका. कीपॅडवर तो टिंब कोपऱ्यात असतो, ओल्या बोटाला सापडत नाही आणि ३.५ चे ३५ होतात. फॅटमध्ये टिंबानंतर एकच आकडा लागतो, म्हणून शेवटचा आकडा नेहमी दशांश धरायचा. ३५ दाबलं की ३.५, १०२ दाबलं की १०.२. गायीच्या दुधाची प्रमाण फॅट ३.५ आणि म्हशीची ६ धरतात, त्यामुळे गायीपुढे ८.१ आलं तर ॲपने तेवढ्यापुरतं थांबून विचारावं. एरवी गप्प बसावं.

आता कीपॅड. यात माझे तीन आठवडे गेले.

दुसऱ्या दिवशी १७ नंबरच्या म्हशीचं दूध ७१ च्या नावावर गेलं. तिसऱ्या दिवशी ४१ चं ४७ वर. मला वाटलं अण्णांना चष्मा लागलाय. मग त्यांच्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर दिसला, वीस वर्षांत बटणांवरचे आकडे झिजून गेलेला. कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत ७-८-९ असतात, फोनवर १-२-३. बटणांचे फोन १९६३ मध्ये अमेरिकेत बाजारात आले, त्याआधी बेल लॅब्जने वेगवेगळ्या मांडण्या लोकांकडून दाबून घेऊन पाहिल्या आणि १-२-३ वर असलेली निवडली. बेरजेची यंत्रं मात्र त्याआधीपासूनच ७-८-९ वर ठेवून बसली होती. हे भांडण तेव्हापासून मिटलेलं नाही आणि अण्णांच्या बोटांनी कॅल्क्युलेटरची बाजू घेतली होती. ते बघत नव्हते, बोटं आपोआप जात होती. १ च्या जागी ७, ७ च्या जागी १.

मी ॲपमध्ये ७-८-९ वर असलेला कीपॅड बनवला. चुका कमी झाल्या, पण पाण्याने घात केला. मोबाईलची काच विजेचा भार ओळखून बोट ओळखते. तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की ती त्यालाही बोट समजते, किंवा बोटालाच ओळखत नाही. अण्णा धोतराला हात पुसायचे, दाबायचे, पुन्हा पुसायचे. शेवटी बाजारातून कॉम्प्युटरचा साधा नंबरपॅड आणला, ओटीजी केबलने मोबाईलला जोडला, वर पातळ प्लास्टिकची पिशवी ताणून बांधली. खऱ्या कळा, ७-८-९ वर, एंटर मारला की नोंद. तीन आठवडे रेखाटलेले सगळे कीपॅड बाद! सांगायला लाज वाटते, पण या ॲपमधला सर्वात चांगला भाग ॲपमध्ये नाहीच.

अंकांचा माझा हट्टही इथेच सुटला. मराठी ॲप म्हणजे अंक देवनागरीच, असं माझं मत होतं. पण मशीनवर आकडे इंग्रजी, पॅडवरही इंग्रजी. घाईत देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांची गल्लत होते. नोंदीच्या रकान्यात इंग्रजी अंक ठेवा, जे मशीनवर दिसतं तेच. दहा दिवसांच्या छापील बिलात देवनागरी चालतात, तिथे कोणी घाईत नसतं.

पुसण्याच्या बटणाकडे नीट बघा. माझ्या चौकटीत प्रश्न होता ‘नोंद रद्द करायची?’ आणि खाली दोन बटणं: ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. इंग्रजी ‘कॅन्सल’चं सरधोपट भाषांतर, दुसरं काय! अण्णांनी विचारलं, “ताई, रद्द करा दाबलं तर नोंद जाईल, का हा प्रश्न जाईल?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. बटणावर जे घडणार तेच लिहा: ‘नोंद पुसा’, ‘राहू दे’. मी पुढे प्रश्नच काढला. पुसलं की पुसलं, खाली पट्टी येते: ‘१७ ची नोंद पुसली. परत आणा’. पुढची नोंद होईपर्यंत ती हलत नाही. रोज शंभरदा विचारलेल्या प्रश्नाला माणूस न वाचता हो म्हणतो, त्यापेक्षा हे बरं.

देवनागरीचं थोडक्यात. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून जास्त ठेवा, नाहीतर ‘गुऱ्हाळ’चा उकार खालून कापला जातो. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. पानाची भाषा मराठी म्हणून जाहीर करा, हिंदी नको. नोटो सान्ससारखे फाँट त्यावरून पाकळीचा ल आणि देठाचा श देतात, आणि शासनाच्या २००९ च्या निर्णयातही हीच रूपं आहेत. नावाच्या रकान्याला अक्षरमर्यादा घालताना ‘क्षीरसागर’ मोजून बघा. डोळ्यांना पाच अक्षरं, कॉम्प्युटरला नऊ.

नोंद आधी मोबाईलमध्येच साठवा, रेंज मिळाली की वर पाठवा. एंटरनंतर क्षणात काहीतरी घडलं पाहिजे. नाहीतर माणूस परत दाबतो आणि एकाच दुधाच्या दोन नोंदी होतात.

आणि ते ‘काहीतरी’ कानाला ऐकू येऊ द्या, कारण नजर मशीनवर आहे. आधी नुसता टुंग आवाज होता. आता ॲप बोलतं: “एक, सात. म्हैस. फॅट सहा पॉइंट आठ.” आकडे सुटे सुटे, कारण भांड्यांच्या आवाजात एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच ऐकू येतात. याचा खरा फायदा माझ्या डोक्यातही नव्हता. एका सकाळी ॲप म्हणालं “सात, एक”, आणि रांगेतून किटली खाली ठेवत म्हातारबा ओरडले, “आवं, माझा सतरा हाय!” त्या दिवसापासून अख्खी रांगच माझं ॲप तपासते.

एकदा हाताला बसलेली वस्तू हलवू नका. सहा महिन्यांनी मला स्क्रीन गजबजलेला वाटला, म्हणून ‘बिल’चं बटण मी तीन आडव्या रेघांच्या आत सरकवलं. ११ तारखेला सकाळी सहाला फोन.

“ताई, बिल कुठं ठेवलंय? माणसं थांबल्यात.”

“वर तीन रेघा दिसतायत का अण्णा, त्या दाबा.”

“त्या व्हय? मला वाटलं काच चिरली.”

दुपारपर्यंत बटण परत जागेवर होतं.