ओहोटीतलं गोल्फ

नोकरीच्या गावातलं स्वस्त, सगळ्यांना खुलं असलेलं गोल्फ मैदान बंद पडलं, तेव्हा दोन जुन्या स्टिका घेऊन मी मालवणजवळच्या आचऱ्याला परतलो. आता किनाऱ्यावर खेळतो. तुम्हालाही जमेल.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी लांब जातं, पुळण रुंद मिळते. पाय रुतणार नाही अशी ओली, घट्ट वाळूच निवडा. चेंडू ज्यात घालवायचा तो नियमातला खळगा १०८ मिमी रुंद असतो. प्लंबरकडचा ११०चा पाइप वीतभर कापून पुरा, नाहीतर कडा ढासळतात आणि भांडणं होतात. शेजारी सुरूची काटकी रोवा. चेंडू नारिंगी घ्या. पांढरा शिंपल्यांत हरवतो (माझे चार गेले). मच्छीमार रापण (किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर खेळ थांबवून दोरीला हात लावा. बांगडे मिळतात. निघताना पाइप उपसून आणा.