फुलदाणी आधी उलटी धरा

नागपूरच्या इतवारीत जुन्या सामानाच्या दुकानात रंगीत काचेला हात लावला की ठरलेलं वाक्य येतं: "काकू, बेल्जियम आहे न! घेऊन टाका." पंधरा वर्षांत मला इतकं बेल्जियम दाखवलंय की तो देश आतापावेतो रिकामा झाला असेल. म्हणून दुकानदाराचं ऐकत ऐकत फुलदाणी उलटी करायची आणि बूड बघायचं.

फुंकून घडवलेल्या काचेच्या बुडाशी मधोमध सळईवरून तोडल्याची खूण राहते. तिला पाँटिल म्हणतात. ती कधी खडबडीत असते, कधी घासून केलेली गुळगुळीत खोलगट टिकली. साच्यातल्या मालावर मात्र नख फिरवलं की जोडाची उभी रेघ लागते. रेघ लागली म्हणून लगेच ठेवून देऊ नका. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सनं साच्यातूनच मासा, हत्ती, हाताचा पंजा अशा फुलदाण्या काढल्या, वरून तेलाच्या तवंगासारखी रंगीत चमक. काहींवर कारखान्याचं नाव इंग्रजी अक्षरांत काचेतच उमटलेलं असतं. परदेशातले शौकीन त्या शोधत फिरतात. माझा मासा भंगारवाल्याच्या गाडीवर फिनाईलच्या बाटल्यांत पडला होता.

बुडाच्या कडेवरची खरी झीज आडवीतिडवी, कुठे दाट कुठे विरळ असते. सगळ्या रेघा एकाच दिशेच्या दिसल्या तर जुनं भासवायला पॉलिशपेपर मारलाय समजा.

पिवळट-हिरव्या काचेसाठी नोटा तपासायचा जांभळा टॉर्च पर्समध्ये ठेवा. अंधारात काच भडक हिरवी पेटली तर तिच्यात युरेनियम आहे. पण तशी काच आजही बनते, त्यामुळे नुसत्या चमकीवर जुनेपणाचे पैसे मोजू नका. चेकोस्लोव्हाकियाचा शिक्का असेल तर वस्तू 1918 च्या आधीची नाही, तिथे वाद मिटला.

खरी फसगत सहीत होते. फ्रान्समधल्या नान्सीचे नामांकित काचकार एमिल गाले 1904 मध्ये वारले. त्यानंतर काही वर्षं त्यांच्या कारखान्याच्या मालावर सहीशेजारी तारा असायचा. गालेंच्या रुमानियातल्या नकलांवर सहीसोबत 'टिप' हा शब्द असतो, म्हणजे 'त्या धर्तीचं'. लबाड विक्रेते तो घासून टाकतात. सहीच्या आसपास बोट फिरवा, खळगा लागतो का बघा.

घरी आणल्यावर घाई नको. मी मे महिन्यात गुलाबी-लाल फुलदाणी डिकीतून काढली अन् तशीच फ्रिजच्या पाण्यानं धुवायला घेतली. टचकन आवाज आला, बाप्पा, आणि उभी चीर गेली. आधी चार तास सावलीत ठेवा, मग प्लास्टिकच्या टबात टॉवेल अंथरून कोमट पाणी. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरनं निघतात. सोनेरी नक्षीला मात्र ते लावू नका.

त्या फुलदाणीचं बूड अजून कपाटात आहे. पाँटिल म्हणजे काय असं कोणी विचारलं की तेच काढून दाखवते.