मधली ब्लॉकर घडवताना

शिरोड्याला वेळागरच्या सुरूच्या बनालगत मी चौदा वर्षं मुलींना व्हॉलीबॉल शिकवते आहे. सगळ्यांना स्मॅशर व्हायचं असतं. मधे ब्लॉकला, म्हणजे नेटशी उडी मारून समोरचा चेंडू हातांनी अडवायला, उभं राहायला कुणी तयार नसतं, कारण तिथे धाव जास्त आणि चेंडू हाताला लागतो कमी. तेव्हा मी त्यांना पोलंडच्या आगाता म्रूझबद्दल सांगते. मधली ब्लॉकर, उंची १९१ सेंटिमीटर. २००३ मध्ये अंकाऱ्याला यजमान तुर्कस्तानला आणि २००५ मध्ये झाग्रेबला इटलीला हरवून युरोपचं अजिंक्यपद जिंकलेल्या संघात ती होती.

उंची ऐकली की चेहरे पडतात. "बाई, आमची उंची खंय तितकी?"

म्हणून पहिला आठवडा उडी नाहीच. भिंतीवर कोळशाने २.२४ मीटरवर रेघ ओढा. बायकांच्या नेटची ती उंची. भिंतीपासून हातभर अंतरावर मुलीला उभी करा. गुडघे किंचित वाकलेले, पंजे खांद्यांच्या वर, बोटं फाकलेली. हात कमरेशी लोंबत राहिले तर ते वर नेईपर्यंत चेंडू निघून जातो.

मग पावलं. उजवीकडे जायचं तर उजवा पाय बाहेर, डावा त्याच्यापुढून आडवा, मग पुन्हा उजवा. उडी घेताना दोन्ही पावलं नेटकडे वळलेली हवीत, नाहीतर अंग हवेत वाहत जातं आणि शेजारच्या ब्लॉकरला धडकतं. दोन टोकांना करवंट्या ठेवून हे करून घ्या. वाळूत पळवल्याने पाय तयार होतात, पण पावलं शिकवायची ती कडक तांबड्या मातीवरच. वाळूत पाय रुततो आणि मुलीला वाटतं आपण मंद आहोत. पावसाळ्यात शाळेची पडवी पुरते.

डोळ्यांचा क्रम पाठच करून घ्या: समोरच्या संघाचा पास, मग चेंडू उठवून देणारी सेटर, मग स्मॅशर. चेंडूमागे डोळे फिरवणारी मुलगी नेहमी उशिरा पोचते. पास नेटपासून लांब गेला तर क्विकची, म्हणजे नेटलगत बुटका चेंडू झटकन मारण्याची, शक्यता कमी, मग कडेला निघायची तयारी ठेवायची. क्विक असेल तर स्मॅशरबरोबरच उडायचं, उंच चेंडूवर तिच्यानंतर क्षणभराने. हात नुसते वर न नेता नेटवरून पलीकडे न्यायचे, मनगटं ताठ, चेंडूवर हापटायचं नाही. ब्लॉकचा स्पर्श संघाच्या तीन स्पर्शांत मोजत नाहीत. म्हणून खाली आल्याबरोबर वळायचं. पुढचा चेंडूही तीच खेळू शकते.

सुरुवातीची काही वर्षं मी वहीत फक्त अडवलेले चेंडू लिहायचे. सगळ्यात जास्त धावणाऱ्या मुलीपुढे शून्य दिसत राहिलं आणि ती यायचीच बंद झाली. ती चूक माझी. आता वहीत "पोचली" असा वेगळा रकाना आहे. मधली वेळेत पोचली की स्मॅशर मारायची दिशा बदलते, आणि मागच्या मुलीला चेंडू सोपा येतो. ती नोंद झालीच पाहिजे.

आगाताबद्दल पुढचं मुलीच विचारतात, आणि मी लपवत नाही. सतराव्या वर्षी तिला रक्ताचा आजार निघाला. अस्थिमज्जा नीट रक्त तयार करत नव्हती. दोन्ही अजिंक्यपदं त्यानंतरची. एप्रिल २००८ मध्ये तिला मुलगी झाली, मे महिन्यात अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं आणि ४ जूनला, सव्वीसाव्या वर्षी, ती गेली. पोलंडमध्ये त्यानंतर कितीतरी लोक दाता म्हणून नोंदणी करायला पुढे आले.

आपल्याकडेही अठरा पूर्ण झालेल्या मुलीला मूळपेशीदाता म्हणून, म्हणजे मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी द्यायला, नाव नोंदवता येतं. गालाच्या आतून स्वॅबने नमुना घेतात. जुळणारा रुग्ण मिळाला तर बहुतेक वेळा हाताच्या शिरेतून रक्त घेऊन त्यातल्या पेशी वेगळ्या करतात. मात्र नमुना देण्याआधी घरच्यांशी बोलायला मी प्रत्येकीला बजावते. प्रत्यारोपणाआधी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी मारून टाकलेली असते. त्या वेळी दात्याच्या घरून नकार आला तर रुग्णापाशी काहीच उरत नाही.