स्प्रे गनआधी कंप्रेसर बघा

फर्निचरवर पीयू (पॉलियुरेथेन फिनिश) मारायला एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाची) गन घेताना आधी तिला किती सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते ते वाचा. बऱ्याच गनना 8 ते 12 लागते. 1 एचपीचा कंप्रेसर तेवढी सलग देत नाही. मग दार अर्धं होताच दाब पडतो, थेंब जाड होतात आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. दोष पेंटचा समजून थिनर वाढवलं की ओघळ ठरलेलेच.

टॉपकोटला (शेवटच्या थराला) 1.3 किंवा 1.4 मिमी नोझल, प्रायमरला 1.8. दाब ट्रिगर ओढलेला असतानाच वाचायचा.

पावसाळ्यात वॉटर सेपरेटर (कंप्रेसरच्या हवेतलं पाणी वेगळं करणारा भाग) हवाच, नाहीतर पाणी हार्डनरशी (पीयू कडक करायला त्यात मिसळतात ते रसायन) मिळून पीयूत बुडबुडे येतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पांढरं पडतं ते मात्र खोलीतल्या दमटपणामुळे. तिथे सेपरेटर उपयोगाचा नाही.