टेराफॉर्म शिकताना आणि क्लाउडवर डेव्ह मशीन उभारताना या चुका टाळा

पुण्यात डेव्हऑप्सच्या कामासाठी येणाऱ्या फ्रेशर मुलामुलींशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. टेराफॉर्मचं, म्हणजे कोड लिहून क्लाउडवरची साधनं उभारणाऱ्या टूलचं, सिंटॅक्स त्यांना येतं, व्हिडिओ बघून एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) एखादं मशीनही उभं केलेलं असतं. पण ‘स्टेट फाइल कुठे ठेवलीस?’ असं विचारलं की गाडी अडते. पुढचा बहुतेक मनस्ताप तिथूनच सुरू होतो, म्हणून आधी तिच्याबद्दल.

टेराफॉर्मसमोर तीन गोष्टी असतात: तुम्ही लिहिलेला कोड, क्लाउडवर प्रत्यक्ष असलेली साधनं आणि या दोघांची सांगड घालणारी स्टेट फाइल. या फाइलला सातबारा समजा. उतारा फाडला म्हणून जमीन कुठे जात नाही, पण ती आपली आहे हे दाखवायला हातात काही उरत नाही. ‘काहीतरी बिघडलंय, नव्याने करू’ म्हणून स्टेट फाइल डिलीट केली, की पुढच्या अप्लायला (कोडप्रमाणे क्लाउडवर बदल करणाऱ्या कमांडला) टेराफॉर्मच्या लेखी तिथे काहीच नसतं. आयएएम रोल (परवानग्यांचा संच) किंवा बकेट (फाइली साठवायची जागा) ‘आधीच आहे’ अशी एरर देते, पण व्हीपीसी (तुमचं खासगी नेटवर्क) आणि मशीनं मुकाट्याने दुसऱ्यांदा तयार होतात. जुन्यांचं बिल चालूच राहतं. असं झालं असेल तर जुनी साधनं इम्पोर्ट ब्लॉक लिहून स्टेटमध्ये परत आणता येतात, १.५ आवृत्तीपासून ती सोय आहे.

दुसरी चूक याहून महागात पडते: स्टेट फाइल गिटहबवर पुश करणं. तिच्यात डेटाबेसचा पासवर्ड साध्या अक्षरांत असतो. व्हेरिएबलला ‘सेन्सिटिव्ह’ लिहिल्याने तो फक्त स्क्रीनवर झाकला जातो, फाइलमध्ये नाही. ती गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) टाका आणि व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपणं) चालू असलेल्या एसथ्री, म्हणजे एडब्ल्यूएसच्या साठवण सेवेच्या, बकेटमध्ये ठेवा. चुकून पुश झालीच असेल तर नुसती फाइल काढून भागत नाही, ती गिटच्या इतिहासात राहतेच. आधी पासवर्ड आणि कीज बदला, साफसफाई नंतर. लॉक फाइल, म्हणजे प्रोव्हायडरच्या (टेराफॉर्मला एकेका क्लाउडशी जोडणाऱ्या प्लगइनच्या) आवृत्त्या नोंदवणारी ती छोटी फाइल, मात्र गिटमध्ये असायलाच हवी. अनेकजण नेमकं उलटं करतात.

लॉकिंग, म्हणजे एका वेळी एकानेच अप्लाय करावं म्हणून स्टेटला लावायचं कुलूप, ही वरच्या लॉक फाइलहून वेगळी गोष्ट. त्यासाठी जुन्या व्हिडिओंत डायनॅमोडीबी (एडब्ल्यूएसचा डेटाबेस) टेबल बनवायला सांगतात. १.१० आवृत्तीपासून बॅकएंडमध्ये (स्टेट कुठे ठेवायची ते सांगणाऱ्या भागात) ‘यूज_लॉकफाइल’ ट्रू केलं की एसथ्रीवरच काम होतं.

आता आपल्याकडचा प्रसंग. गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघतं, अप्लाय अर्ध्यावर असताना वीज जाते आणि तिच्यासोबत वायफाय. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण टेराफॉर्मला स्टेट लिहिता येत नाही आणि लॉक तसंच अडकून राहतं. अशा वेळी फोल्डरमध्ये ‘एरर्ड.टीएफस्टेट’ नावाची फाइल दिसली तर तिला कचरा समजून उडवू नका. अर्धवट झालेल्या कामाची नोंद तिच्यातच आहे. लॉकच्या एररमध्ये ते कुणी आणि कधी घेतलं हे लिहिलेलं असतं. ते आपलंच आहे आणि दुसरं कुणी अप्लाय करत नाहीये, याची खात्री झाली की एररमधला आयडी देऊन फोर्स-अनलॉक करा. मग ती फाइल स्टेट पुशने वर पाठवा आणि प्लॅन (काय बदलणार ते आधीच दाखवणारी कमांड) चालवून बघा.

प्लॅन न वाचता ‘येस’ टाइप करणं ही सवय लागूच देऊ नका. एक नमुना बघा. एएमआयचा (मशीन ज्या तयार इमेजवरून बनतं तिचा) आयडी प्रत्येक रीजनमध्ये (डेटा सेंटरच्या प्रदेशात) वेगळा असतो, म्हणून व्हर्जिनियाचा आयडी मुंबईत चालत नाही. त्यावर उपाय म्हणून डेटा सोर्समध्ये (क्लाउडवरून माहिती वाचणाऱ्या ब्लॉकमध्ये) ‘सर्वात नवी इमेज’ घ्यायला शिकवतात आणि ते बरोबरही आहे. पण महिन्याभराने उबुंटूची नवी इमेज आली, तुम्ही फक्त एक टॅग बदलायला अप्लाय केलं, तर प्लॅनमध्ये एएमआयच्या ओळीपुढे ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’ लिहिलेलं असतं. म्हणजे तुमचं डेव्ह (डेव्हलपमेंटचं) मशीन पाडून नवं उभं राहणार, आणि रूट डिस्कवरचा कमिट न केलेला कोड त्यासोबत जाणार. लाइफसायकल ब्लॉकमध्ये एएमआयचे बदल दुर्लक्षित करायला सांगा आणि कोडसाठी वेगळा व्हॉल्यूम ठेवा.

तसंच काउंटचं, म्हणजे एकाच प्रकारची अनेक साधनं क्रमांकाने बनवण्याचं. तीन युजरांच्या यादीतला मधला काढला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि टेराफॉर्म ज्याला हात लावायचा नाही त्यालाही हात लावतं. नावं असतील तिथे फॉर-ईच (क्रमांकाऐवजी नावाने ओळखणारं) वापरा.

डेव्ह मशीनवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी लिहिलेली युजर-डेटा स्क्रिप्ट फक्त पहिल्या बूटला चालते. ती बदलून अप्लाय केलं तर मशीन बंद होऊन चालू होतं, स्क्रिप्ट पुन्हा चालत नाही, आणि ‘डॉकर का आलं नाही?’ यात संध्याकाळ जाते. ‘युजर_डेटा_रिप्लेस_ऑन_चेंज’ ट्रू ठेवा. स्क्रिप्ट कुठे अडली ते मशीनवरच्या क्लाउड-इनिट आउटपुट लॉगमध्ये ओळ न् ओळ सापडतं. ती रूट म्हणून चालते, हेही विसरू नका. होम फोल्डर म्हणून लिहिलेलं सगळं रूटच्या घरात जातं.

व्हीएस कोड रिमोटने जोडल्यावर मशीन गोठत असेल तर आधी रॅम बघा. टी३ मायक्रोला १ जीबी मिळते. व्हीएस कोडचीच शिफारस किमान २ जीबीची आहे. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमधलं लिनक्स) वापरत असाल आणि की फाइल सी ड्राइव्हवर असेल, तर एसएसएच (दूरच्या मशीनमध्ये शिरायचं टूल) ‘परमिशन्स ०७७७ टू ओपन’ म्हणून नकार देतं आणि चमॉड (फाइलच्या परवानग्या बदलणारी कमांड) करूनही फरक पडत नाही. की लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा, मग चमॉड ४००. आणि घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलतो म्हणून एसएसएचचं पोर्ट २२ सगळ्या जगाला उघडं करू नका. सेशन मॅनेजर (मशीनमध्ये शिरायची एडब्ल्यूएसची सोय) वापरलात तर ते उघडावंच लागत नाही.

रीजन जवळचा निवडा, टाइप करतानाच फरक कळतो. एडब्ल्यूएसचा मुंबईचा रीजन २०१६पासून आहे. अ‍ॅझ्युअरचा ‘सेंट्रल इंडिया’ (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा रीजन) तर पुण्यातच आहे.

राहिलं बिल. मशीन थांबवलं तरी डिस्कचे पैसे लागतात. नॅट गेटवे (खासगी मशीनना इंटरनेटवर जाऊ देणारा) वापरा न वापरा, तासाला आकार आहे. पब्लिक आयपीव्ही४ पत्त्यालाही १ फेब्रुवारी २०२४पासून तासाला ०.००५ डॉलर पडतात. बजेट अलर्ट पहिल्याच दिवशी लावा, पण तो फक्त कळवतो, काही बंद करत नाही. डिस्ट्रॉय (सगळं पाडणारी कमांड) चालवल्यानंतरही खातं रिकामं झालं असं धरून चालू नका: भरलेली बकेट अडून बसते, आणि कन्सोलवर हाताने बनवलेलं टेराफॉर्मला माहीतच नसतं. प्रोव्हायडरमध्ये डिफॉल्ट टॅग लावून ठेवा आणि अधूनमधून टॅग एडिटरमध्ये सगळे रीजन निवडून शोधा. ज्याला तुमचा टॅग नाही, ते तुम्ही किंवा कुणीतरी हाताने बनवलेलं असण्याची शक्यता जास्त.